मेश्राम सरांच्या पिवळ्या सुया

मेश्राम सरांना कोणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कोणी सांगितलं?"

"सर, उद्या सुट्टी आहे."

"कोणी सांगितलं?"

"सर, पाणी शंभर अंशांना उकळतं."

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तक लिहिणारा नागपुरात आला होता का? उकळून पहा."

मुलगा मुकाट्याने पाणी उकळायला ठेवी. पारा नव्याण्णवाच्या जवळपास अडकून बसे. मुलगा चकित होई, पण सर त्या थर्मामीटरवरही विश्वास ठेवत नसत. दुसरा आणायला लावत, मग तिसरा. तिन्हींचं एकमत झालं की म्हणत, "आता लिहा. पण खाली लिहा, तिन्ही थर्मामीटर एकाच दुकानातले आहेत."

मी एम.एस्सी. होऊन नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सर माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. उंच, काटकुळे. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. खिशात दोन पेनं आणि दोरीला बांधलेलं भिंग. नागपूरच्याच इंदोरा वस्तीत एकटे राहत. वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेचा सोहळा पाहिला असं त्यांच्याविषयी कोणीतरी मला सांगितलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कोणी सांगितलं? मी तेव्हा कॉलेजात होतो. खांद्यावर बसायच्या वयाचा नव्हतो. माझ्याच खांद्यावर भाचा होता."

त्यांच्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि पट्टीवर त्यांची सही, अर्धी कागदावर, अर्धी काचेवर. स्पिरिटच्या बाटलीवर पातळीची रेघ आणि रेघेशेजारी तारीख. कपाटाला दोन कुलपं. दुसरी किल्ली विभागाच्या हेड साहेबांकडे ठेवायचा नियम होता, म्हणून सरांनी दुसरं कुलूप स्वतःच्या खर्चाने बसवलं होतं. आमचा लॅबमधला शिपाई दौलत हे सगळं पाहून हसे. "सर माह्या सावलीवरही पट्टी लावतीन एक दिवस," म्हणे.

मलाही आधी हसूच यायचं. मी धरमपेठेतल्या दाणींच्या घरातली. आमच्याकडे दारं उघडी असत आणि वस्तू जिथल्या तिथे सापडत. माणूस इतका संशयी का होतो, हे समजायला मला वर्ष लागलं. तेही एकदाच, ओझरतं कळलं. एका मुलाचा प्रयोग फारच छान आला होता आणि मी गमतीने म्हणाले, "कुठून कॉपी केलास रे?" मुलगा गेल्यावर सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, असं गमतीतही म्हणू नका. माझी एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लावली होती. उत्तर फार बरोबर आलं म्हणून. माझ्या शेजारच्याचंही तेच उत्तर होतं. त्याला नाही लावली." एवढं बोलून ते ब्युरेट धुवायला लागले. शेजारच्याचं आडनाव मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

सरांचा विषय होता घनपदार्थ. रेणू एकमेकांशेजारी कसे बसतात आणि तसेच का बसतात. वर्गात ते हे शिकवत तेव्हा खिशातून लोखंडी चुंबकाच्या कांड्या काढत. "काही रेणू असे असतात," ते सांगत. "एका टोकाला थोडा ऋण भार, दुसऱ्या टोकाला थोडा धन. बाहेरून पाहिलं तर रेणू निर्भार, पण आत दोन टोकं. आता असे कोट्यवधी रेणू एका जागी आले आणि घन व्हायची वेळ आली, तर कोण कोणाकडे तोंड करून बसणार?" मग ते टेबलावर दोन कांड्या एकीपुढे एक ठेवत, त्या टोकाला टोक लावून चिकटत. दोन कांड्या शेजारी शेजारी एकाच दिशेने ठेवल्या की एक कांडी गिरकी घेई आणि उलटी होऊन दुसरीला चिकटे. "बस. एवढंच आहे. एका मागे एक रांगेत बसा, नाहीतर शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसा. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेच. त्यातले रेणू आपली टोकं जुळवायसाठी एकमेकांना हातभर लांब धरून ठेवतात. पदार्थ कठीण होईल की ठिसूळ, सुईसारखा होईल की पापुद्र्यासारखा, सगळं या बसण्यावर."

मागच्या बाकावरचा एखादा विचारी, "सर, त्यांना कोणी सांगितलं?" वर्ग खो खो हसे. सर हसत नसत. म्हणत, "हाच प्रश्न बरोबर आहे."

त्यांनी स्वतः बनवलेलं एक पिवळं संयुग होतं. नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'पिवळं' म्हणायचो. ते स्पिरिटमध्ये गरम करून विरघळवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. मग तळाशी सुया जमायच्या. गर्द पिवळ्या, केसाहून थोड्या जाड, बोटाच्या पेराएवढ्या. सरांचं म्हणणं होतं की या सुईत सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून, रांगेत बसलेत. म्हणून अख्ख्या सुईलाच दोन टोकं आहेत. तशी सुई गरम करून थंड होऊ दिली तर तिच्या टोकांवर वीज जमली पाहिजे.

हे त्यांनी मला दाखवलं. दौलत सकाळी लॅबमध्ये फोटोपुढे उदबत्ती लावायचा. तिची राख सरांनी कागदावर घेतली. चिमट्यात सुई धरून दिव्याच्या आचेवर कोमट केली आणि राखेजवळ नेली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग राखेचा एक कण उडाला आणि सुईच्या टोकाला चिकटला. मग दुसरा. मग टोकावर राखेची बारीक दाढीच उगवली. मी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू टाळ्यांतही काही काळंबेरं आहे.

त्यावरच त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. सुयांची क्ष-किरण छायाचित्रं दुसऱ्या शहरातून काढून आणली. मोजमापं, आकडे, आकृत्या. प्रबंध विद्यापीठाकडे गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी मला आणखी 'पिवळं' करून ठेवायला सांगितलं. मी बीकर झाकून कपाटात ठेवला, सुट्टीपुरत्या सरांनी दिलेल्या किल्ल्यांनी दोन्ही कुलपं लावली आणि सुट्टीवर गेले. पंधरा दिवसांनी येऊन बघते तर तळाशी सुया नव्हत्या. फिकट पिवळे, चमकदार, अभ्रकासारखे पापुद्रे होते. मला वाटलं, काहीतरी नवीन! मी धावत सरांकडे गेले. त्यांनी आपल्या चिमट्याने एक पापुद्रा उचलला, भिंगाखाली धरला, वितळवून पाहिला. सुयांपेक्षा तो जास्त तापमानाला वितळला. "संयुग तेच आहे," ते म्हणाले. "बसणं वेगळं आहे. हे शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसलेत. एकाची टोकं दुसऱ्याने खोडली." तेही त्या दिवशी खूश होते. मला वाटतं मी त्यांना खूश पाहिलं ते पहिल्यांदा.

त्यानंतर त्या लॅबमध्ये सुया कधीच आल्या नाहीत.

सरांनी पुन्हा केलं, पापुद्रे आले. नवीन स्पिरिट आणलं, पापुद्रे. नवीन बीकर, पापुद्रे. कडक थंडीत केलं, सावकाश केलं, घाईने केलं. बीकरची काच नुसती गार झाली की तळाशी पापुद्रे चमकायला लागत. वाईट म्हणजे, सरांच्या सहीची पट्टी लावलेल्या बाटलीत आधीच्या सुया होत्या, त्याही हळूहळू दुधाळ पडत गेल्या. महिन्याभरात त्यांची पिवळट पूड झाली.

आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरगावच्या परीक्षकांचं पत्र आलं. डॉ. मराठे त्यांचं नाव. प्रबंध उत्तम आहे, पण सुयांचे गुणधर्म इतके विलक्षण आहेत की नमुना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय व माझ्यासमोर पुन्हा तयार केल्याशिवाय मी सही करू शकत नाही, असं लिहिलं होतं.

हेड साहेबांनी सरांना बोलावलं. दार उघडंच होतं. "तेव्हा जमत होतं आणि आता जमत नाही, हे मी त्यांना कोणत्या शब्दांत कळवू, मेश्राम?" ते म्हणाले. आवाज गोड होता, म्हणून जास्त बोचला.

स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, छायाचित्रं दुसऱ्याच पदार्थाची असणार. कोणी म्हणे, सुया होत्याच कुठे, कोणी पाहिल्यात? शेवटचं वाक्य माझ्यासमोरच म्हटलं गेलं. मी पाहिल्या होत्या. राख चिकटताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मी चहा पीत राहिले. आज इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, माझ्याही मनात शंका शिरली होती. मी पाहिलेल्या त्या सुया त्याच संयुगाच्या होत्या, हे मला तरी कोणी सांगितलं? सरांनीच ना?

मग मी एक गोष्ट केली. सर तासाला गेले असताना मी त्यांच्या टेबलावरची नोंदवही उघडली. मला बघायचं होतं की सुयांच्या नोंदी खरोखर त्या त्या दिवशी केल्यात की मागाहून जुळवल्यात. पानामागून पान वाचत गेले. वेळ, तापमान, कोणती बाटली, कोणता बीकर. चुकलेला आकडा खोडायचा तो एका सरळ रेघेने, खालचा आकडा वाचता येईल असा. एके ठिकाणी लिहिलं होतं, "आज डोकं दुखत होतं, आकड्यांवर भरवसा ठेवू नये." खोटं लिहिणारा माणूस असं लिहीत नाही. सत्तेचाळीसाव्या पानावर माझीच मला लाज वाटली आणि मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात वही.

"दाणी मॅडम, सत्तेचाळीस पानं वाचली तुम्ही. अठ्ठेचाळीसावं काहून नाही वाचलं?"

माझे कान तापले. त्यांनी पानांमध्ये पांढरा दोरा ठेवला होता. तो सत्तेचाळीसाव्या पानाशी सरकलेला होता.

"वाचा ना," ते म्हणाले आणि वही माझ्यापुढे उघडून ठेवली.

पानावर शीर्षक होतं, "कोणी बिघडवलं असेल". खाली पाच नावं. पहिलं नाव माझं. पुढे कारणं: कपाटाची किल्ली सुट्टीत यांच्याकडे. पापुद्रे प्रथम यांच्याच बीकरमध्ये. स्टाफरूममध्ये विचारलं असता गप्प राहिल्या.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"दौलतने. तो चहा घेऊन आला होता तेव्हा." मग म्हणाले, "मी चुकीचं लिहिलं असन तर सांगा. खोडतो."

किल्ली माझ्याकडे होती. पापुद्रे माझ्या बीकरमध्ये आले होते. मी गप्प राहिले होते. खोडण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "पण मी मुद्दाम काही केलं नाही, सर."

"ते लिहिलंच नाही मी," ते म्हणाले आणि वही घेऊन गेले.

त्यानंतर आठवडाभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. ते माझ्या हाताकडे बघत आणि मी त्यांच्या.

मग एका सोमवारी ते आले ते वेगळेच दिसत होते. दाढी वाढलेली, पण डोळे जागे. बॅग खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागले. रविवारी ते बहिणीकडे खापरखेड्याला गेले होते. अनसूयाताई त्यांची थोरली बहीण. तिचे यजमान तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात होते, कॉलनीत राहत. सरांना जेवण जात नव्हतं म्हणून तिने खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"ती दूध विरजून राहिली होती," सर म्हणाले. "चमच्याने ढवळता ढवळता म्हणे, अरे, तुह्या खोलीले विरजण लागलं हाय गा. एकदा लागलं का मग दूध दूध राहत नाही. म्हटलं, ताई, हे दही नव्हे. तर म्हणे, मले काय समजते! पण माह्या घरी तर नाही ना लागलं ते?"

ते खुर्चीवर बसले. "मॅडम, पापुद्र्याचा डोळ्यांना न दिसणारा कण पुरतो. द्रावणात तो पडला की बाकीचे रेणू त्याच्याकडे बघून तसेच बसतात. त्यांना ते बसणं जास्त सोयीचं आहे, फक्त पहिल्यांदा कोणी तसं बसून दाखवायला पाहिजे. तुमच्या बीकरमध्ये ते आपोआप घडलं. मग माझ्या चिमट्यावर आलं, टेबलावर, कपाटात, हवेत. तुमच्या साडीवर. माझ्या शर्टावर, केसांत. आपण दोघं आता जिथे जाऊ तिथे ते नेऊ."

"मग काय करायचं?"

"जिथे आपण दोघं गेलो नाही तिथे करायचं. आणि आपल्या हाताने नाही."

पण ते तर बहिणीच्या घरी जाऊन आले होते, त्याचं काय? त्याचाही त्यांनी विचार केला होता. ते पुढच्या खोलीत बसले होते. मागची खोली निराळी, तिचं दार मागच्या अंगणातून. त्या खोलीत ते गेले नव्हते. ती खोली चुन्याने रंगवायची, धुवायची. भांडी नवीन. संयुगाचं गरम द्रावण काचेच्या नळीत भरून, आचेवर नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. नळी बाहेरून धुवायची आणि बराच वेळ उकळत्या पाण्यात ठेवायची, म्हणजे आत एखादा कण असलाच तर विरघळून जाईल. नळी फोडायची ती त्या खोलीतच. आणि फोडणार कोण? तर अनसूयाताई.

जो माणूस दौलतला बीकर विसळू देत नव्हता, त्याची डिग्री आता सातवीपर्यंत शिकलेल्या बहिणीच्या हातात होती.

सरांनी डॉ. मराठ्यांना लिहिलं, कॉलेजात येऊ नका. स्टेशनवरून सरळ खापरखेड्याला या. हेड साहेबांना हे समजल्यावर ते म्हणाले, "परीक्षकाला झोपडीत बोलावता? बाहेरच्या बाहेर काय शिजवताय?" पण मराठ्यांचं उत्तर आलं: येतो. काचेचं पात्र मी माझं आणीन.

जानेवारीतला दिवस होता. सर मला म्हणाले, "तुम्हालाही यावं लागन. आत नाही जायचं. पण पहिल्या सुया आणि ह्या सुया एकच आहेत का, हे सांगायले तुमच्याशिवाय कोणी नाही." आम्ही एस.टी.ने गेलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "खोटं वाटलं तर खोटं म्हणा."

कॉलनीवर वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर वाकून आला होता. दोरीवरच्या कपड्यांवर, खिडक्यांवर, पानांवर राखेचा पातळ थर. मागच्या अंगणात कडुनिंब होता. त्याच्याखाली, खोलीच्या दारापासून तीसेक पावलांवर सरांनी चुन्याने रेघ ओढली आणि आम्ही दोघं रेघेच्या अलीकडे उभे राहिलो. दार उघडं असलं की समोरच्या भिंतीजवळचं टेबल आम्हाला दिसत होतं.

डॉ. मराठे टॅक्सीतून उतरले. बुटके, गोरे, कानात कापसाचे बोळे. त्यांनी सरांना लांबूनच नमस्कार केला आणि आत जाऊन आधी खाटेखाली वाकून पाहिलं. मग डबे उघडून पाहिले. मग खिडकीची फट बोटाने तपासली. शेवटी अनसूयाताईंना म्हणाले, "बाई, हात दाखवा. दोन्ही बाजूंनी."

अनसूयाताई नव्या कोऱ्या पातळात उभ्या होत्या. त्यांनी हात दाखवले. "म्या धुतले, साहेब. साबणानं. आता तुम्हीबी धुवा. तुम्ही गाडीतून आले." मराठे क्षणभर गोंधळले आणि मोरीकडे गेले.

उकळत्या पातेल्यातून नळी काढायची वेळ आली तशी सरांना राहवेना. "ताई वं, फडक्यानं धर! मान खाली नको करू! आधी कानशीनं रेघ मार!"

आतून आवाज आला, "गप ऱ्हाय ना गा. मी पाहून राहिली ना."

नळी टचकन फुटल्याचा आवाज आला. पिवळं द्रावण मराठ्यांच्या पात्रात पडलं. त्यावर पांढरं कापड झाकलं गेलं. मग वाट पाहणं. सर उकिडवे बसले, उठले, पुन्हा बसले. आत मराठे खुर्ची ओढून पात्रासमोर बसले होते. अनसूयाताई भिंतीला टेकून उभ्या. कोणीच कोणाला एकटं सोडायला तयार नव्हतं. तास गेला असेल, जास्तही असेल.

अनसूयाताईंनी कापडाचा कोपरा उचलला. वाकल्या.

"पेल्हाद," त्यांनी आतून सरांना हाक मारली, "दोरे दिसून राहिले गा. पिवळे."

मराठे उठले. भिंग लावून कितीतरी वेळ वाकून राहिले. मग दारात येऊन म्हणाले, "मेश्राम, तुमच्या सुया आल्या."

"कोणी सांगितलं?" सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते. तोंडाला सवय होती. मग तेच दचकले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मराठ्यांनी एक सुई कोरडी करून स्टोव्हवरच्या तव्याजवळ कोमट केली. राख आणायची गरज नव्हती. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर वीज केंद्राची राख होतीच. ती त्यांनी कागदावर घेतली. मग ते सुई आणि कागद घेऊन दारात आले, उजेडात. कण उडाले. सुईच्या टोकावर राखेची दाढी उगवली. सर रेघेवर उभे होते. पुढे टाकलेला एक पाय त्यांनी मागे घेतला.

मराठ्यांनी मला विचारलं, "तुम्ही आधी पाहिल्या होत्या म्हणे. याच का?"

"याच," मी म्हणाले. "रंग हाच, टोकं अशीच, राख अशीच चिकटली होती. हे मी आधी सांगायला हवं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं मला. मी बोलले नाही."

सर माझ्याकडे पाहत होते.

मराठे सुया पात्रासकट घेऊन गेले. स्वतःच्या सुया सरांनी त्या दिवशी पाहिल्या त्या तीस पावलांवरून. जवळ जाऊन हात लावला असता तर त्यांच्या शर्टावरच्या कणांनी कदाचित त्याही गेल्या असत्या. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसले आणि खूप वेळ डोळे पुसत राहिले. अनसूयाताई अंगणात आल्या, रेघ ओलांडून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आता तरी जेवशीन का?"

डिग्री मिळाली. हेड साहेबांनी हार घातला आणि भाषणात म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून खात्री होती. सरांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि फुलं खरी आहेत का हे बोटाने चाचपून पाहिलं. दौलत हसून हसून बाहेर गेला.

काही महिन्यांनी सरांनी माझ्या टेबलावर टाइप केलेला एक लेख ठेवला. नियतकालिकाला पाठवायचा होता. वर दोन नावं होती, त्यांचं आणि माझं. आत लिहिलं होतं की या संयुगाचं दुसरं, अधिक स्थिर रूप प्रथम कु. दाणी यांना मिळालं. शेवटी आभारात श्रीमती अनसूया यांचं नाव होतं, "ज्यांच्या सूचनेशिवाय व हातांशिवाय पहिलं रूप पुन्हा मिळालं नसतं."

"सर, मी तर ते बिघडवलं," मी म्हणाले.

"बिघडवलं नाही. रेणूंना तसंच बसायचं होतं. तुमच्या बीकरमध्ये ते पहिल्यांदा बसले, तुम्ही पाहिलं आणि लपवलं नाही. धावत आणून दाखवलं."

मी धीर करून विचारलं, "आणि पान अठ्ठेचाळीस?"

"फाडलं नाही. माझ्या वहीतून पान जात नाही." मग म्हणाले, "पण तुमच्या नावावर रेघ मारली आहे. खालचं वाचता येते अजून."

त्यानंतरही त्यांनी बाटल्यांवर पट्ट्या लावणं सोडलं नाही. मला दुसऱ्या कुलपाची किल्ली कायमची दिली. पण देताना सही घेतली.

पुढे माझं लग्न झालं, मी अमरावतीच्या कॉलेजात गेले. पत्रं आली-गेली, मग विरळ झाली. त्यांच्या लॅबमध्ये सुया पुन्हा आल्या नाहीत असं त्यांनी एकदा कळवलं होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. मार्च महिन्यात नागपूरला आले होते. सदर बाजारातून सायकलरिक्षाने जात होते, तर एका शाळेसमोर पालकांची गर्दी होती. दहावीचा पेपर सुटायची वेळ. रिक्षा थांबली. फाटकाशी, ऐन उन्हात, मेश्राम सर उभे होते. केस पिकलेले. हातात पाण्याची बाटली आणि ओला रुमाल. शेजारच्या आईबापांपेक्षा तेच जास्त कासावीस दिसत होते. मला वाटलं, भाचीबिची असेल.

घंटा झाली. मुलामुलींचा लोंढा बाहेर आला आणि त्याच्या मागून, पदर सावरत, हातात पुठ्ठा आणि शाईचं पेन घेऊन अनसूयाताई आल्या. पन्नाशी ओलांडली असेल. सरांनी धावत जाऊन त्यांच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली, भिंग काढून तिथेच वाचायला लागले आणि एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारू लागले. अनसूयाताईंनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला प्रश्नपत्रिका त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि मोठ्याने म्हणाल्या, "सगळं लिवलं म्या. आता पानी दे."

रिक्षावाल्याने घंटी वाजवली आणि रिक्षा पुढे निघाली. मी हाक मारणार होते, मारली नाही. मान वळवून पाहिलं तर त्या बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होत्या आणि सर रुमाल उघडून, दोन्ही हातांनी, त्यांच्या डोक्यावर सावली धरून उभे होते.